चौकटीवरच्या खाचा

९ ऑगस्ट
मुलींचं वसतिगृह, टेकडीवर

प्रिय फूटपट्टी,

तुझे फोन येतात ते कळतं गं, पण या इमारतीत रेंज फक्त जिन्याच्या वळणावर मिळते आणि तिथे कायम कुठली तरी पोरगी आपल्या मित्राशी भांडत उभी असते. शिवाय फोनवर मी "बरी आहे" म्हणते, तू "बरी आहे" म्हणतेस, की झालं आपलं बोलणं. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

आधी हे ऐक की मी धडधाकट आहे. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा बेकरीवाल्याने त्याची पावाची हातगाडी आणून आपल्या दाराशी लावली आणि ओरडला, "वहिनी, काय घ्यायचं ते घ्या आणि निघा!" लोक कागदपत्रं घेऊन निघाले, दागिने घेऊन निघाले. तुझ्या मावशीने शिलाईचं मशीन घेतलं. वाटेत एका वळणावर ते माझ्या पायावर पडता पडता राहिलं. चष्मा मात्र खिडकीतच राहिला आणि गेला. आता लांबचं धूसर आणि जवळचं त्याहून धूसर.

पाणी उतरल्यावर जाऊन आले. दार गेलंय, खिडक्या गेल्यात, कपाट पालथं पडून फुगलंय. पण तुझ्या काकांनी बसवलेली दाराची चौकट जागची हललेली नाही. बाकी काही नाही तरी नवऱ्याचं सुतारकाम पक्कं होतं, एवढं गल्लीने मान्य केलं. गाळ तर असा की फावडं रुतून बसावं. मी शेजारणींना हाताशी धरून भिंती घासून घासून धुतल्या, वरून खालपर्यंत. मला नाही बघवत तसलं घर. पाणी किती चढलं होतं म्हणून विचारशील, तर कंबरेच्या वर असावं. बेकरीवाला म्हणतो डोक्यावरून गेलं, पण तो पावाचं वजनसुद्धा वाढवूनच सांगतो.

आता गंमत ऐक. ज्या विद्यापीठात तुला प्रवेश मिळाला नाही, तिथे मला खोली मिळाली! निम्म्या पोरींना सुट्टी देऊन त्यांनी वसतिगृह आमच्यासाठी उघडलं. डॉक्टरकीच्या पोरी आमचा रक्तदाब बघतात, कायद्याच्या पोरी हरवलेल्या कागदांचे अर्ज लिहून देतात, आणि इंजिनीयरिंगची पोरं विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेतात. सगळ्यांचे शर्ट फाटलेत. मग काय, माझं मशीन दिवसभर चालू.

सध्या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे. हे विद्यापीठवाले पुराचा नकाशा करणार, आणि त्यावरून ठरणार की खालच्या गल्लीत घरं परत बांधायची की जागा नदीला सोडून आम्हाला टेकडीच्या उतारावर न्यायचं. मी तर सांगून टाकलंय की मी माझ्या घरी जाणार. दार बसवून घेतलं, माळा दुरुस्त केला, की तुझी खोली तयार. दोन वर्षांचा अभ्यासक्रम म्हणून गेलेली पोरगी उद्या परत आली तर तिने कुठल्या उतारावर मावशीचं घर शोधायचं?

ते दोन वर्षांचं काय झालं गं? सहज विचारते.

तुझी,
मावशी


२७ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं पत्र आल्यावर जीव भांड्यात पडला. पाकीट उघडायच्या आधी नाकाला लावून बघितलं. मशीनच्या तेलाचा वास येतोय असं वाटलं. येत नसेलही.

इकडे सगळं ठीक. आमची दातांची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली, आणि त्यात आम्ही सगळे मान खाली घालून लोकांचे दात घासत बसतो, म्हणजे खोटे दात. काल एका आजोबांची कवळी केली. त्यांना ती बसली तेव्हा ते इतके हसले की मला काकांची आठवण आली. काकाही नवीन दार बसवल्यावर ते उघडून-मिटून, उघडून-मिटून असेच हसायचे.

पूर आला त्या आठवड्यात मी कामावर होते आणि हातातलं काम सारखं बिघडत होतं. बातम्यांत आपल्या पुलाचं चित्र दाखवत होते. पुलाखालून पाणी जात नव्हतं, पुलावरून जात होतं. मला आपली गल्ली दिसते का म्हणून मी पडद्याला नाक लावून बघत होते. शेजारी बसणारी बाई म्हणाली, "तुझं घर आहे का तिथे?" मी "हो" म्हणाले. किती दिवसांनी कोणाला तरी हे सांगितलं, आणि तेही अशा वेळी.

मावशी, विद्यापीठाची माणसं काय सांगतात ते ऐक. उगाच बेकरीवाल्याशी भांडतेस तशी त्यांच्याशी भांडू नकोस. उतारावरची घरं वाईट असतीलच असं नाही. उजेड भरपूर असेल, तुला सुई ओवायला बरं.

चष्मा लवकर करून घे. बाकी पुढच्या पत्रात.

तुझी,
फूटपट्टी


१५ सप्टेंबर

प्रिय फूटपट्टी,

"बाकी पुढच्या पत्रात" म्हणजे दोन वर्षांचं उत्तर पुढच्या पत्रात, असं मी धरून चालले आहे.

तू म्हणतेस ऐक. ऐकलं. काल त्यांच्या मोठ्या सभागृहात बैठक झाली. एवढ्या गुबगुबीत खुर्च्या की बेकरीवाला सुरुवातीलाच झोपला. नकाशेवाले सर बोलले. माणूस चांगला आहे, आवाज चढवत नाही, आणि "आम्हाला अजून नक्की माहीत नाही" असं चारचौघांत म्हणू शकतो. पोरांनी कष्टही खूप घेतलेत. कोण म्हातारं एकटं राहतं, कोणाला जिना उतरवत नाही, हे घरोघर विचारून ठेवलंय. पुढच्या वेळी भोंगा कधी वाजवायचा आणि कोणाला कोणी उचलून आणायचं, ते सगळं ठरवलंय. हे बघून बरं वाटलं. एवढी विचारपूस माझी सख्ख्या दिराने केली नाही.

पण मग नकाशा दाखवला. आणि आपली गल्ली लालभडक, म्हणजे घरं बांधायला मनाई!

का? तर म्हणे पोरींनी जुन्या पुरांच्या खुणा शोधल्या, आणि आपल्या गल्लीत मागे कधीतरी सलग कितीतरी वर्षं पाणी येत होतं, दर वर्षी आधीच्याहून वर. मी जागच्या जागी उठून म्हटलं, "अहो, लग्न होऊन आल्यापासून मी तिथे राहते. पाणी पायऱ्यांपर्यंत आलंय, तेही दोनदा." सर म्हणाले, "मावशी, माणसाला सगळं आठवत नाही, म्हणून आम्ही खुणा बघतो. पण हे अजून पडताळायचं आहे, तुमचं म्हणणं लिहून घेतो." त्यांनी खरंच लिहून घेतलं. तरी माझा संताप गेला नाही. घरात पाणी आलेलं बाईला आठवणार नाही? पुसायचं कोणाला लागतं?

पडद्यावर एक फोटोही होता, पण मी मागे बसलेली आणि चष्मा नाही. मला लाकडावर शिडीसारखं काहीतरी दिसलं. तोच फोटो त्यांनी वाटलेल्या पत्रकात आहे. ते सोबत पाठवते. अक्षर मुंगीएवढं आहे. इथल्या पोरींकडून वाचून घेता आलं असतं, माझ्या शेजारच्या खोलीत एक चष्मेवाली आहे, ती मला सुया ओवून देते. पण खुणा शोधणाऱ्यांत तीही होती, आणि सध्या मी तिच्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण कमी.

तू शिकलेली आहेस. नीट वाच आणि कुठे चूक सापडते का बघ. दिवाळखोर वकिलासारखी मी एकेका शब्दाला लटकून भांडणार आहे. पुढची बैठक नोव्हेंबरच्या शेवटी आहे आणि त्यात पक्कं होईल.

कालच घरी जाऊन आले. दाराच्या जागी जुनी चादर बांधली आहे. वारा आला की ती आत-बाहेर होते, आणि लांबून वाटतं कोणीतरी घरात येतंय. मी दोनदा फसले.

तुझी,
मावशी


४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

पत्रक मिळालं. वाचलं. बरंचसं तांत्रिक आहे, तुझ्या कामाचं त्यात फारसं काही नाही. मथितार्थ एवढाच की त्या लोकांनी मेहनत घेतली आहे आणि तुमच्या जिवाची त्यांना काळजी आहे. फोटो नीट छापलेला नाही. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत होते.

इथे आता थंडी पडायला लागली. झाडांची पानं गळून रस्त्याकडेला ढीग झालेत आणि एक माणूस यंत्राने ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उडवत असतो. दुसऱ्या दिवशी ती परत पहिल्या बाजूला. मला खोली बदलायची होती, ती बदलली. नव्या खोलीला मोठी खिडकी आहे. मालकीणबाई प्रेमळ आहेत, पण माझं नाव त्यांना उच्चारता येत नाही, म्हणून "ताडमाड" अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. म्हणजे जगात कुठेही गेलं तरी माझं बारसं उंचीवरूनच होणार.

मावशी, उतारावरच्या घरांचा विचार कर ना. आग्रह नाही. पण कर.

मशीनला तेल दे. स्वतःलाही जप.

तुझी,
फूटपट्टी


२४ ऑक्टोबर

बाळ,

आज टोपणनावाने हाक मारत नाही.

चष्मा आला. विद्यापीठाच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून आला, फ्रेम जरा थोराड आहे, पण दिसतं स्वच्छ. आधी आरशात बघितलं आणि पस्तावले. मग जेवणाच्या खोलीत गेले, तर तिथल्या फळ्यावर ते पत्रक मोठं करून लावलेलं. पहिल्यांदाच फोटो नीट बघितला.

अगं, ती आपली चौकट आहे!

तुझ्या आईमागे तुला घरी आणलं, त्या वर्षापासूनच्या खाचा आहेत त्या. शाळा सुरू व्हायच्या दिवशी काका तुला नवा गणवेश घालून दारात उभी करायचे, डोक्यावर गुण्या, ती सुताराची काटकोनी पट्टी, टेकवायचे आणि पटाशीने खाच पाडायचे. पेन्सिल पुसली जाते म्हणायचे. बाजूला त्या वर्षाचं साल कोरायचे. नाव कधी कोरलं नाही, घरात दुसरं पोर होतंच कुठे! खुणा शोधायला पोरी गेल्या तेव्हा मी इकडे मशीनवर बसलेली. दार नसलेलं घर, घासून लख्ख केलेल्या भिंती, आणि चौकटीवर एकावर एक खाचा, शेजारी साल. पोरींनी पट्टी लावून मोजलं आणि पुराच्या खुणा म्हणून नोंदवलं. त्यांना तरी कसा दोष देऊ? यंदाच्या गाळाची खरी रेषा मीच घासून काढली होती.

पत्रकातलं सगळं वाचलं, दोनदा. लिहिलंय की नदी दर वर्षी वाढत गेली. एका वर्षी तर एकदम वीतभर चढली. ते वर्ष मला पाठ आहे, तुझ्या गणवेशाची दुमड मी दोनदा उसवली होती आणि तरी तो आखूडच होता. मग म्हणे नदी तीन-चार वर्षं आहे तिथेच थांबली. शेवटची खाच तू निघालीस त्या सकाळची. टॅक्सी दाराशी हॉर्न देतेय आणि हे म्हणतायत, "थांब, एकदा उभी राहा." आणि त्याच्याखाली पत्रकात छापलंय, "या वर्षानंतर खुणा आढळत नाहीत. कारण अस्पष्ट."

जेवणाच्या खोलीत मी ताट तसंच ठेवून उठले.

आता मला सांग. मला दिसत नव्हतं, पण तुझे डोळे चांगले आहेत ना? तू त्या फोटोकडे बराच वेळ बघत होतीस. तुला ती चौकट ओळखू आली नाही, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. मग गप्प का बसलीस? त्या खाचांपायी आपली गल्ली लाल झाली आहे, हे तुला कळत होतं. मावशीचं घर जावं असं वाटत होतं का तुला? असेल तर तसं तोंडावर सांग.

मी अजून सरांना काही बोललेले नाही. का ते माझं मलाच कळत नाही. अख्खं विद्यापीठ येता-जाता तुझी उंची बघतंय. फळ्याजवळून जाताना मी रोज तिथे थोडी रेंगाळते. आधी तुझं उत्तर येऊ दे.

मावशी


८ नोव्हेंबर

मावशी,

ओळखली. पाकिटातून कागद निम्मा बाहेर आला तेव्हाच ओळखली. त्या आखूड गणवेशाच्या वर्षाची खाच तिरकी आहे, कारण मी हलले होते आणि काका ओरडले होते.

मी त्या रात्रीच तुला लिहायला बसले आणि लिहिलं नाही. कारण सांगते. रागवायचं तर पूर्ण वाचून मग रागव.

मला पाण्याची भीती वाटली, हे खरं. तू पुन्हा त्या गल्लीत एकटी झोपणार, या विचाराने मी इथे रात्री उठून आपल्या नदीच्या बातम्या शोधते. पण तेवढंच असतं तर मी सरळ भांडले असते तुझ्याशी. दुसरं कारण असं की मला इथे कायमची नोकरी मिळाली आहे, वसंतातच मिळाली. मी घेतली. ते दोन वर्षांचं तू विचारतेस त्याचं उत्तर हे आहे. मी सुट्टीला येईन, पण राहायला परत येणार नाही, मावशी.

तू माळा दुरुस्त करणार म्हणून लिहिलंस आणि माझा हात थांबला. तू घर माझ्यासाठी धरून बसली आहेस आणि मला ते नकोय, असं कोणत्या तोंडाने लिहायचं? आणि मला ते नकोय असंही नाही गं. रोज हवं असतं. कामावरून येताना एका गल्लीत कोणीतरी लाकूड तासत असतं. तिथून जायचं तर मला लांब पडतं, पण मी तिथूनच जाते. पण हवं असणं आणि तिथे येऊन राहणं हे माझ्याच्याने एक होत नाही. मग तो नकाशा आला. वाटलं, नकाशानेच गल्ली काढून घेतली तर तू उतारावर सुखरूप जाशील आणि मला हे तुला सांगावं लागणार नाही. म्हणून गप्प बसले.

तू बैठकीत खरं काय ते सांग. मी घाबरले म्हणून सबंध गल्लीने का भोगावं? बेकरीवाल्या काकांची भट्टी तिथे आहे, बाकीच्यांची बिऱ्हाडं आहेत.

आणि मग तू काय ठरवशील ते ठरव. घरी परत जायचं म्हणालीस तरी मी वाद घालणार नाही. फक्त माझी खोली म्हणून तो माळा दुरुस्त करू नकोस. तिथे कापडाचे गठ्ठे ठेव.

तुझीच,
फूटपट्टी


३ डिसेंबर

प्रिय फूटपट्टी,

रडले. मग तोंड धुतलं. मग चष्मेवालीला हाक मारून चहा घेतला, कारण एकटीने रडायला या वसतिगृहात जागाच नाही.

मला वाटलंच होतं. तुझ्या पत्रांत हवामान फार यायला लागलं होतं. तू लहानपणी काही फोडलंस की अशीच आकाशाकडे बघून बोलायचीस. पण वाटणं वेगळं आणि कागदावर वाचणं वेगळं. रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. बस, एवढंच त्याबद्दल.

आता बैठकीचं. पहिल्या रांगेत बसले, नवा चष्मा लावून. सरांनी तो फोटो पडद्यावर आणला, माणसापेक्षा मोठा. म्हणाले, "या खुणांबद्दल कोणाला काही सांगायचं आहे का?" मी उभी राहिले. भांडायला म्हणून केवढे शब्द घोकून आले होते, एकही आठवेना. तोंडातून आपसूक निघालं, "सर, ती नदी नाही. ती आमची पोरगी आहे."

मग मी सगळं सांगितलं, गुण्या, पटाशी, गणवेश, टॅक्सी. बेकरीवाला जागा होऊन मोठ्याने म्हणाला, "अहो खरंच की! ती उंच पोरगी!" आणि जो काही हशा उसळला! सरही हसले, अगदी डोळे पुसेपर्यंत हसले, आणि म्हणाले, "हीच नोंद आम्हाला कुठल्याही दुसऱ्या घरात सापडत नव्हती, त्याचं कोडं पडलं होतं." चष्मेवाली मात्र रडायला लागली. मी तिला पदराखाली घेऊन म्हटलं, "अगं, तू निदान ती उंची मोजलीस तरी. मी इतकी वर्षं तिकडे बघायचं टाळत होते."

खाचा हिशोबातून काढल्यावर गल्लीचा लाल रंग पिवळा झाला. म्हणजे खालचं टोक नदीला सोडायचं, पण आपल्या आणि बेकरीच्या बाजूला घरं ठेवता येतील. जोतं उंच करायचं, वर गच्चीत आसरा करायचा आणि भोंगा वाजला की निघायचं. ज्याला राहायचं त्याने राहावं, ज्याला उतारावर जायचं त्याने जावं. मी जिंकले, बाळ. तुझं पत्र पिशवीत होतं आणि तरी मी ठरवलं होतं की परत जाणार. तू ये नाही तर नको येऊ. घर उघडं ठेवणं माझं काम.

दोन दिवसांनी सर स्वतः पोरांना घेऊन गल्लीत आले, यंदाच्या पाण्याची खरी उंची प्रत्येक घरावर आखायला. आपल्या भिंती मी धुतलेल्या. पण बेकरीवाल्याने भिंतींच्या वरच्या भागाला हातच लावला नव्हता, आळशी तो, त्यामुळे त्याच्या भिंतीवर गाळाची रेषा जशीच्या तशी. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी त्यांनी आणली. तिचं एक टोक बेकरीच्या रेषेवर धरलं, दुसरं आपल्या चौकटीवर. नळीतलं पाणी डुचमळलं आणि थांबलं. एका पोराने तिथे निळ्या रंगाची रेघ ओढली.

मी खालीच बघत होते. तो बाजूला झाला, तेव्हा वर बघितलं.

रेघ तुझ्या शेवटच्या खाचेच्या वर आहे. चार बोटं वर.

बेकरीवाला या एका बाबतीत खरं बोलत होता. डोळ्यांपुढे तूच आलीस, टॅक्सीच्या घाईत, केस नीट न विंचरलेली, डोक्यावर गुण्या. आणि पाणी तुझ्या केसांवरून. मी कित्येक वर्षं त्याच दारात तू उभी असावीस म्हणून तळमळत होते. सण नाही वार नाही, कापड कापता कापता मान वर करून दाराकडे बघायचे. तू आली असतीस, माझ्या हट्टापायी राहिली असतीस, आणि भोंगाही नव्हता तेव्हा, आणि तू गाढ झोपणारी. सर म्हणाले, "मावशी, बसा." मी म्हटलं, "नाही, ठीक आहे." तू गेल्यापासून आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं पोरगी गेली.

मी उतारावर जातेय. कोणी सांगितलं म्हणून नाही, नकाशाने तर मला घर परत दिलं होतं. पण ज्या घरात तुझ्या डोक्यावरून पाणी गेलं, तिथे तुझी वाट बघत बसणं आता मला व्हायचं नाही. वाट बघायचीच तर जरा उंचावर बसून बघेन.

सरांकडे एकच मागणं केलं, की चौकट मला काढून द्या. त्यांना निळी रेघ हवी होती, विद्यापीठात ठेवायला. मग तह झाला. त्यांनी रेघेची नोंद घेतली, फोटो घेतले, बेकरीच्या भिंतीवर तीच रेघ पक्की रंगवली, आणि चौकट माझी. बेकरीवाला गल्लीतच राहतोय. पाव घेऊन रोज उतारावर येईन म्हणतो. वजनात मारतोच, पण येईल.

तुझी,
मावशी


२२ जानेवारी

प्रिय मावशी,

चौकटीचा फोटो चष्मेवालीने पाठवला. नव्या विटा, ओलं प्लास्टर आणि मधोमध काकांचं काळं पडलेलं लाकूड. दार अजून बसलेलं दिसत नाही. तू बाजूला उभी आहेस आणि चष्मा खरंच थोराड आहे. फोटो मोठा करून मी तुला आणि खाचांना शेजारी शेजारी बघितलं. तू माझ्या सातवीच्या खाचेपर्यंत येतेस. कधी एवढी लहान झालीस?

निळ्या रेघेबद्दल तू लिहिलंस ते मी वाचलं आणि उत्तर द्यायला इतके दिवस गेले. तुला बरं वाटलं, हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी इथे भिंतीला पाठ लावून उभी राहिले, डोक्यावर तळहात ठेवला आणि त्याच्या वर चार बोटं धरली. आणि मला त्या दारात जायचं होतं, मावशी. तेव्हाही, तशा पाण्यातही.

मला एप्रिलमध्ये रजा मिळाली आहे. राहायला येते असं म्हणणार नाही, आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. पण पूर्ण रजा तुझ्याकडेच काढणार आहे. मशीनपाशी बसेन, सुया ओवून देईन, चष्मेवालीला जरा सुट्टी. बेकरीवाल्या काकांना सांग, पाव वाढीव आणा.

काकांची पटाशी मशीनच्या खणात असेल, तू तिने काजं कापायचीस. पाण्यातून ती आपोआपच वाचली असणार. तिला धार लावून ठेव. आल्या आल्या मी चौकटीत उभी राहीन, बॅगसुद्धा आत न ठेवता. तुझा हात वर पोचणार नाही, तर तिवईवर चढ. उंची तेवढीच भरेल, मला माहीत आहे, आणि नवी खाच जुन्या खाचेवरच येईल. तरी पाड. साल कोर. म्हणजे त्या वर्षानंतर खुणा आढळत नाहीत, असं पुन्हा कोणाला छापता येणार नाही.

आणि काकांनी कधी कोरलं नाही, ते या वेळी तू कोर. सालाच्या शेजारी माझं नाव.

तुझी,
फूटपट्टी